वारुळातील अळंबी आणि तिच्या आश्रयाचा भुंगेरा

वारूळ ही वस्तू मराठी माणसाला नवी नाही. नागपंचमीला आपल्या घरच्या बायका वारुळाला दूध-लाह्या वाहतात. रामायणकर्त्याला वाल्मीकी हे नाव ‘वल्मीक’ म्हणजे वारूळ या शब्दावरून मिळाले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. सहाव्या शतकातील वराहमिहिराने आपल्या बृहत्संहितेत भूमिगत पाण्याच्या खुणा सांगताना वारुळाचा उल्लेख वारंवार केला आहे. आणि पावसाळ्याच्या तोंडाशी त्याच वारुळाच्या अंगाखांद्यावर पांढऱ्या छत्र्या उगवल्या, की वऱ्हाडातील शेतकरी ‘टेकोडे’ म्हणून त्या खुडून आणतो. पूर्व विदर्भात त्यांनाच ‘सात्या’ म्हणतात. म्हणजे वारुळाची पूजा, त्याची कथा, त्याची खूण आणि त्याची भाजी या चारही गोष्टी आपल्या घरच्या आहेत. वारुळाच्या पोटात काय चालते, ही पाचवी गोष्ट मात्र आपण परक्यांवर सोपवून मोकळे झालो.

या पाचव्या गोष्टीतील एक लहानसे प्रकरण आज आम्ही श्रोत्यांपुढे मांडणार आहोत. ते आहे अळंबीच्या आश्रयाने राहणाऱ्या एका भुंगेऱ्याचे. तो राहतो कोठे, पसरला आहे कोठवर, आणि हे कोणाला, कसे कळले, एवढाच आमचा विषय. किडा तांदळाच्या कणीएवढाही नाही; पण त्याचा इतिहास महाराष्ट्रातील एका खेड्यातून निघतो, युरोपातील भर सभेतल्या वादापर्यंत जातो आणि अखेर शेलूबाजारसारख्या बाजारगावाच्या शिवारात येऊन आपल्याला एक प्रश्न विचारतो. तेव्हा विषय क्षुद्र आहे असे कोणी आरंभीच समजू नये, ही विनंती.

प्रथम या किड्याचे घराणे पाहू. भुंगेरा म्हटला, की पाठीवर दोन कठीण कवचे असलेला, कवचांखाली सारे पोट झाकलेला किडा आपल्या डोळ्यांपुढे येतो. आमचा भुंगेरा ज्या घराण्यातला आहे, त्या घराण्याने ही कवचे कापून बंडीसारखी आखूड केली आहेत. पोटाचा बराचसा भाग उघडाच राहतो. त्या एवढ्याशा कवचांखाली उडण्याचे लांब पंख मात्र घड्या घालून व्यवस्थित ठेवलेले असतात. पोट मोकळे असल्यामुळे त्याला वाटेल तसे वळता येते, विंचवासारखी शेपूट वर उचलता येते आणि पालापाचोळ्याच्या बारीकशा फटीतूनही सरकता येते. लिनीअसने १७५८ साली या किड्यांना स्टॅफिलिनस हे नाव दिले. इंग्रज त्यांना ‘रोव्ह बीटल’ म्हणजे भटका भुंगेरा म्हणतात. आपण सोयीसाठी आखूडपंखी म्हणू.

या कुलाचा विस्तार ऐकून आश्चर्य वाटेल. शास्त्रज्ञांनी आजवर त्याच्या ६०,००० हून अधिक जातींची वर्णने केली आहेत. प्राणिसृष्टीतील अत्यंत मोठ्या कुलांपैकी हे एक. शेणात, कुजक्या लाकडात, नदीकाठच्या वाळूत, पिकांच्या बुडाशी, सर्वत्र ही मंडळी आढळतात. पावसाळ्यात दिव्यावर येणारा, तांबडा-काळा, मुंगीसारखा लांबट किडा आपण सर्वांनी पाहिला असेल. तो मानेवर चिरडला गेला तर दुसऱ्या दिवशी कातडीवर आग होऊन फोड उठतात. पीडेरस नावाचा तो किडा याच कुलातला. घराण्यातला हा एक तापट इसम तेवढा आपल्या ओळखीचा. बाकीचे निरुपद्रवी भाऊबंद आपल्या दृष्टीस पडत नाहीत.

या भाऊबंदांतील कित्येकांनी अळंबीला आपले घर मानले आहे. जमिनीवरील अळंबी हे फार विलक्षण घर होय. ते रात्रीत उभे राहते आणि चार-आठ दिवसांत कोसळते. अशा घरात बिऱ्हाड थाटायचे तर जन्म, वाढ आणि संसार यांची घाई करावी लागते. जायरोफीना नावाच्या वंशातील बारीक भुंगेरे हेच करतात. छत्रीच्या खालच्या बाजूला ज्या पातळ पडद्या असतात, त्यांवर अळंबीची बीजुके तयार होतात. या भुंगेऱ्यांच्या जबड्याला एक लहानशी कुंचली असते. तिने ते आणि त्यांच्या अळ्या पडद्यांवरचा थर खरवडून खातात. आई-मुले एकाच ताटात जेवतात म्हणा ना! ऑक्सीपोरस नावाच्या दुसऱ्या वंशातील भुंगेरे अंगाने मोठे. ते मोठ्या जबड्यांनी अळंबीचा गर पोखरतात. मऊ खाद्याला एवढे भयंकर जबडे कशाला, असे पाहणाऱ्याला वाटते. तिसरा वर्ग अळंबीसाठी येतच नाही. अळंबी सडू लागली, की तीत माश्यांच्या अळ्या पडतात. त्या अळ्या खाण्यासाठी हा वर्ग येतो. आपण ज्याला कुत्र्याची छत्री म्हणून पायाने उडवतो, तीत याप्रमाणे शाकाहारी आणि मांसाहारी अशा दोन्ही पंगती चाललेल्या असतात.

हा संबंध किती जुना असावा? ब्रह्मदेशाच्या उत्तर भागातील खाणींत सापडणाऱ्या राळेच्या खड्यांत सुमारे ९ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीचे कीटक जसेच्या तसे अडकलेले मिळतात. त्यांत अळंबी खाणाऱ्या आखूडपंखी भुंगेऱ्यांचे ऑक्सीपोरसच्या गोत्रातील पूर्वज मिळाल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी त्याच राळेतून वाळवीच्या घरात राहणाऱ्या आखूडपंखी भुंगेऱ्याचाही नमुना प्रसिद्ध झाला. म्हणजे या कुलाने अळंबीशी आणि वाळवीशी जोडलेले नाते मनुष्यजातीच्या जन्माआधीचे तर आहेच, पण हिमालय उभा राहण्याच्याही आधीचे आहे.

आता या दोन नात्यांचा जेथे संगम होतो, त्या ठिकाणी आपल्याला उतरावयाचे आहे. ते ठिकाण म्हणजे वारुळाचा गाभारा.

वाळवी लाकूड खाते असे आपण म्हणतो. आपल्याकडे वारुळे बांधणारी वाळवी, वऱ्हाडात जिला उधई म्हणतात, ती लाकूड खाते हे खरे; पण ते तिला नीट पचत नाही. म्हणून तिने एक तोड काढली आहे. खाल्लेला काडीकचरा अर्धवट पचवून ती वारुळातल्या कोठड्यांत त्याची स्पंजासारखी, खळग्याखळग्यांची पोळी रचते आणि त्या पोळ्यांवर एक बुरशी वाढवते. बुरशी लाकडातला चिवट भाग फोडते. पोळ्यावर मोहरीएवढे पांढरे दाणे धरतात, ते वाळवी खाते. जुने झालेले पोळेही खाते. ही शेतीच होय, आणि मनुष्याच्या शेतीपेक्षा कितीतरी जुनी. सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत तिचा आरंभ झाला आणि तेथून ती आशियात आली, असे आज मानतात. अशी बुरशी पिकवणाऱ्या वाळवीच्या सुमारे ३३० जाती आहेत. त्या आफ्रिका व आशिया या दोन खंडांतच आढळतात. अमेरिकेत हा उद्योग पाने कापणाऱ्या मुंग्यांनी स्वतंत्रपणे उभा केला.

पहिल्या पावसांनंतर या भूमिगत बागेतली बुरशी कधी कधी वर डोके काढते. पोळ्यापासून निघालेला एक लांब, मुळासारखा देठ माती भेदून वर येतो आणि त्याला छत्री फुटते. हाच आपला टेकोडा. तो उपटताना देठ जमिनीत खोलवर गेलेला लागतो, त्याचे कारण हे.

ही गोष्ट विद्वानांच्या लक्षात येण्यास बराच काळ लागला. लिनीअसचा शिष्य योहान गेरहार्ड क्यॉनिग हा डॅनिश लोकांच्या तरंगंबाडीच्या वसाहतीत वैद्य होता. त्याने तंजावर प्रांतातील वारुळे उकरून १७७९ साली वाळवीवर निबंध लिहिला आणि वारुळातील बुरशीची नोंद केली. पुढे सव्वाशे वर्षांनी, १९०६ साली, सिंहलद्वीपातील पेरादेनिया येथील टॉम पेच याने वारुळातल्या बुरशीचा आणि वर येणाऱ्या अळंबीचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. १९४२ साली फ्रेंच पंडित रोजे हाइम याने या अळंब्यांचा स्वतंत्र वंश मानून त्याला टर्मिटोमायसीज, म्हणजे वाळवीची अळंबी, हे नाव दिले.

बुरशीचा शोध असा दक्षिणेत आणि सिंहलद्वीपात लागला. परंतु त्या बुरशीच्या बागेतील पाहुण्याचा शोध लागला तो आपल्या महाराष्ट्रात.

अहमदनगर, आजचा अहिल्यानगर जिल्हा. त्यातील राहुरी तालुक्यात वळण नावाचे खेडे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनभाषी जेझुइट पाद्री या भागात मिशनचे काम करीत. त्यांपैकी फादर जे. बी. हाइम यांना कीटकांचा नाद होता. (वर सांगितलेले रोजे हाइम ते हे नव्हेत, आडनाव तेवढे एक.) वळणच्या परिसरातील वारुळे उकरून त्यांनी वाळवी आणि वाळवीच्या घरातले पाहुणे गोळा केले. ते नमुने युरोपात एरिख वासमान या दुसऱ्या जेझुइटाकडे गेले. वासमान १८५९ साली जन्मला, १९३१ साली वारला. मुंग्यांच्या आणि वाळवीच्या घरात परके कीटक कसे राहतात, या एका प्रश्नाला त्याने आपले आयुष्य वाहिले होते.

हाइमने पाठवलेल्या नमुन्यांत एक अगदी चमत्कारिक किडा होता. तो आखूडपंखी भुंगेरा आहे हे पहिल्या दृष्टीस पटू नये, असे त्याचे रूप. अंग गोल आणि घुमटासारखे. डोके, पाय, शिंगे सारी त्या घुमटाखाली आत ओढलेली. पालथ्या घातलेल्या चिमुकल्या पणतीसारखा. वासमानने १८९९ साली त्याचे वर्णन केले. चकतीसारखा आकार आणि वाळवीचे घर यांवरून त्याने वंशाला टर्मिटोडिस्कस हे नाव दिले. आणि जातीला, हाइमच्या सन्मानार्थ, हाइमी. तेव्हा टर्मिटोडिस्कस हाइमी हे आमच्या आजच्या नायकाचे पूर्ण नाव.

या आकाराचे मर्म काय? वारुळात हजारो शिपाई आणि कामकरी असतात. परका दिसला, की त्याचा पाय धरावा, शिंग धरावे आणि तुकडे करावेत, हा त्यांचा कायदा. पण ज्याचे पाय दिसत नाहीत, शिंग सापडत नाही आणि ज्याच्या गुळगुळीत पाठीवरून जबडा घसरतो, त्याला धरायचे कसे? कासवाने जे ढालीच्या साह्याने साधले, तेच या कणभर जीवाने साधले आहे. या वंशातील भुंगेरे बुरशीच्या पोळ्यांमध्ये वावरतात. बाहेर वैशाखाचे ऊन असो की श्रावणाची झड, आतली कोठडी सारखीच उबदार आणि दमट. चार दिवसांत कोसळणाऱ्या छत्रीऐवजी वर्षानुवर्षे टिकणारी बाग या भुंगेऱ्याने पत्करली, आणि त्याची किंमत म्हणून सारे अंग ढालीसारखे करून घेतले.

वळणच्या वारुळांनी आणखीही पुष्कळ दिले. १९०२ साली वासमानने तेथील वाळवीच्या एका प्रकाराला वळण गावावरून नाव दिले. जर्मन कानाने ऐकलेले ‘वल्लोन’ त्या नावात बसले आणि ती वाळवी आज जगभर ओडोंटोटर्मिस वल्लोनेन्सिस म्हणून ओळखली जाते. दक्षिण भारतातील वारुळांवर जो कोणी संशोधक लिहितो, त्याला राहुरी तालुक्यातील या खेड्याचे नाव घ्यावेच लागते. ते खेडे आहे हे त्याला ठाऊक असो वा नसो. लाकूड पोखरणाऱ्या दुसऱ्या एका वाळवीला, कॉप्टोटर्मिस हाइमी हिला, त्याच वर्षी पाद्रीबोवांचे नाव मिळाले.

तिसरा पाहुणा सर्वांत वादग्रस्त ठरला. आफ्रिकेत लष्करी मुंग्यांबरोबर राहणाऱ्या डोरायलॉक्सेनस नावाच्या आखूडपंखी भुंगेऱ्यांचा एक वंश वासमानला ठाऊक होता. त्याच वंशाचा भुंगेरा हिंदुस्थानातून त्याच्या हाती आला, पण तो मुंग्यांच्या नव्हे, वाळवीच्या घरातला! मुंग्या आणि वाळवी यांचे हाडवैर. वासमानने असे अनुमान केले, की या किड्याचे पूर्वज मुंग्यांबरोबर हिंडत होते. मुंग्या वाळवीची वारुळे लुटत. अशाच एखाद्या लुटीत काही पाहुणे मागे राहिले आणि नव्या यजमानाचे झाले. त्याने या जातीचे नाव ट्रान्सफूगा, म्हणजे पक्षांतर करणारा, असे ठेवले. यजमान बदलल्यामुळे जात बदलते, याचा हा त्याच्या मते पुरावा होता. कॅथलिक धर्मगुरूने उत्क्रांतीच्या बाजूने किड्यांची साक्ष काढावी, ही त्या काळी खळबळ उडवणारी गोष्ट होती. १९०७ च्या फेब्रुवारीत वासमानने बर्लिन शहरात तीन जाहीर व्याख्याने दिली. त्यानंतर एक संपूर्ण संध्याकाळ त्याच्या विरोधकांनी भर सभेत त्याच्याशी वाद घातला. वासमान जीवसृष्टीची उत्क्रांती मानी, पण मनुष्याचा आत्मा त्यातून वगळी. हेकेलच्या अनुयायांना ते मान्य नव्हते. वादाचा निकाल कोणी काहीही लावो. शहरातले लोक कीटकांवरील व्याख्याने ऐकण्यास गर्दी करतात आणि प्रश्न घेऊन घरी जातात, हे दृश्य आपल्यासारख्या व्याख्यानप्रिय श्रोत्यांना आपलेसे वाटेल.

महाराष्ट्रात हे काम हाइमनंतर योझेफ आस्मुट यांनी चालवले. ते मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. मुंबईत १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी एव्हाना भरभराटीस आली होती. तिच्या नियतकालिकात आस्मुटनी मुंबई इलाख्यातील लाकूड खाणाऱ्या वाळवीवर लेख लिहिला. खंडाळ्याच्या परिसरात त्यांनी वारुळे धुंडाळली. टर्मिटोडिस्कसचा भाऊबंद असलेल्या डिस्कोझेनस वंशातील एका जातीला वासमानने आस्मुटचे नाव दिले आहे. पुढे १९१४ साली महायुद्ध पेटले. जर्मन पाद्री शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले आणि त्यांना हा देश सोडावा लागला. आस्मुट नंतर न्यूयॉर्कच्या फोर्डम विद्यापीठात गेले. महाराष्ट्रातील वारुळांच्या अभ्यासाचा पहिला अध्याय येथे तुटला. वासमानचा संग्रह आज नेदरलँड्समधील मास्ट्रिख्टच्या संग्रहालयात आहे.

इंग्रजांनी ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ ही ग्रंथमाला १८८८ साली सुरू केली होती. तीत आखूडपंखी भुंगेऱ्यांचे काम माल्कम कॅमेरॉन यांच्याकडे आले. हे गृहस्थ पेशाने आरमारातले शल्यवैद्य. पुढे डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत त्यांनी काम केले. १९३० ते १९३९ या काळात त्यांचे चार खंड प्रसिद्ध झाले. चौथा दोन भागांत. एवढ्या मोठ्या देशातील एवढ्या अफाट कुलाचे वर्णन एका मनुष्याने करावे, याबद्दल त्यांना कितीही धन्यवाद दिले तरी थोडेच. स्वातंत्र्यानंतर भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक झालेले एम. एल. रूनवाल आणि त्यांचे सहकारी ओ. बी. छोटानी यांनी भारतीय वाळवीचा सांगोपांग अभ्यास केला. त्यांचे ग्रंथ १९८९ आणि १९९७ साली आले. यजमानाचे घर अशा रीतीने आपल्या माणसांनी मोजले.

आता विस्ताराचा प्रश्न घेऊ. टर्मिटोडिस्कस आणि त्याचे जवळचे भाऊबंद आफ्रिकेत आढळतात, भारतात आढळतात, श्रीलंकेत आढळतात. त्यांचे गोत्र आग्नेय आशियापर्यंत गेले आहे. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात ते नाहीत. हा नकाशा आपण कोठेतरी पाहिला आहे असे वाटते ना? बुरशी पिकवणाऱ्या वाळवीचा जो नकाशा, तोच हा. म्हणजे भुंगेऱ्याची सरहद्द समुद्राने वा पर्वताने ठरवलेली नाही, ती यजमानाने ठरवली आहे. जेथे वाळवीची बाग, तेथेच याला आसरा.

पण खंडांचा नकाशा सोडून जिल्ह्यांचा नकाशा उघडला, की वेगळाच प्रकार दिसतो. वळण, खंडाळा अशी थोडी गावे ठळकपणे उठून दिसतात. याचा अर्थ किडा त्या गावांपुरताच आहे असा कोणी करील, तर ती मोठी फसगत होईल. त्या गावांत पाहणारा मनुष्य होता, एवढाच त्याचा अर्थ. नकाशावरचा ठिपका हा बहुधा शोधकाच्या मुक्कामाचा असतो.

वऱ्हाडचेच पाहा. वासमानने टर्मिटोडिस्कसचे वर्णन केले त्या १८९९ साली वाशीम हा स्वतंत्र जिल्हा होता, पण तो हैदराबादच्या निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेल्या मुलुखाचा भाग. १९०३ साली वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेला. १९०५ साली वाशीम जिल्हा मोडून त्याचा बराचसा भाग अकोल्यात घातला. १ जुलै १९९८ रोजी तो पुन्हा वेगळा झाला. मुंबईची सोसायटी, तिथली महाविद्यालये, तिथले हौशी संग्राहक हे सारे दुसऱ्या इलाख्यातले. शास्त्रीय शोधाची वाट राज्यकारभाराच्या वाटेनेच जात असते. ती अहमदनगरहून मुंबईकडे गेली, तशी वाशीमहून सहज गेली नाही. मात्र वाळवीला इलाख्याची सरहद्द ठाऊक नाही. वारुळे उभारणारी ओडोंटोटर्मिस ओबेसस ही वाळवी भारतभर पसरली आहे. १८४२ साली रँब्यूरने तिचे वर्णन केले आणि टर्मिटोडिस्कस हाइमीही तिच्याच वारुळात मिळाला.

शेलूबाजारच्या शिवारात उभे राहून या दृष्टीने भोवती पाहावे. मंगरूळपीर तालुक्यातील हे गाव कारंजा-मालेगाव या जुन्या हमरस्त्यावर वसले आहे. भोवतालची जमीन बरीचशी काळी. काळी जमीन चैत्र-वैशाखात भेगाळते आणि आषाढात फुगते. अशा हलत्या जमिनीत उंच वारूळ टिकणे अवघड. म्हणून वारूळ पाहायचे तर नजर शेताच्या मध्यावरून काढून बांधाकडे, माळाकडे, मुरमाड उताराकडे, बाभळीच्या आणि निंबाच्या बुडाशी न्यावी लागते. टेकोडे शोधणारी माणसे नेमकी तिकडेच जातात. कोणत्या बांधावर, कोणत्या पावसानंतर छत्र्या फुटतात, हे त्यांना तोंडपाठ असते. वारुळाच्या बागेचा हा तपशीलवार नकाशाच होय. तो कागदावर कोणी उतरवून घेतला नाही, इतकेच. हाइमच्या हाती वळणची वारुळे लागली तीही गावच्या शिवारातच ना?

दरम्यान बांधच नाहीसे होऊ लागले आहेत. शेतीशास्त्राने वाळवीकडे पाहिले ते बहुतेक शत्रू म्हणून. आणि उसाचे कांडे, गव्हाचे रोप किंवा घराचे दार तिने पोखरले, तर शेतकऱ्याने तिला मित्र म्हणावे असा आग्रह कोणी धरणार नाही. आल्ड्रिन, हेप्टाक्लोर यांसारखी विषे एके काळी वाळवीसाठी जमिनीत सर्रास मिसळली जात. त्यांचा अंश मातीत वर्षानुवर्षे राहतो हे ध्यानात आल्यावर त्यांवर बंदी आली. पण पिकात शिरलेली वाळवी आणि माळावरचे वारूळ या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत. माळावरच्या वारुळातली वाळवी मुख्यतः मेलेला काडीकचरा खाते, त्याची माती करते, खालची माती वर आणते आणि जमिनीत पाणी मुरण्यास वाटा करते. यंत्राने बांध सपाट केला, माळ नांगराखाली आणला, मुरूम खणून नेला, की वारुळाबरोबर तिची बाग जाते, बागेबरोबर टेकोडा जातो आणि दोहोंबरोबर तो ढालीच्या अंगाचा पाहुणाही जातो. बाग सांभाळणारी वाळवी मेली, की काही दिवसांत पोळ्यावर दुसरीच काळी बुरशी चढते; टर्मिटोमायसीज एकटी जगत नाही. भुंगेरा तरी कसा जगेल?

समृद्धी महामार्ग शेलूबाजारजवळून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. रस्ते हवेत, बाजाराच्या गावाला तर हवेतच. रस्त्याला आमचा विरोध आहे असे कोणी समजू नये. आमचे म्हणणे एवढेच, की ज्या काळात जमीन इतक्या वेगाने उलथली जाते, त्या काळात जमिनीखाली काय आहे याची नोंद त्याच वेगाने व्हावयास हवी. आता साधनांचीही वाण नाही. अकोल्याला १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे, पुण्यास प्राणिसर्वेक्षण संस्थेचे विभागीय केंद्र आहे. हाइमपाशी यांपैकी काय होते? एक कुदळ, भिंग आणि पत्रव्यवहार.

गावकऱ्यांना करता येण्यासारखी गोष्ट याहून सोपी आहे. पावसाळ्यात टेकोडे कोणत्या तारखेला, कोणत्या शिवारात, कसल्या जमिनीत निघाले, याची वही शाळेतील मुलांनी ठेवावी. दहा वर्षांची अशी वही कोणत्याही विद्यापीठाला मोलाची वाटेल. वारूळ फोडून पाहण्याचा मोह मात्र जाणत्या माणसाच्या सोबतीशिवाय करू नये. आणि अनोळखी छत्री कधीही खाऊ नये, कारण विषारी अळंबीची ओळख केवळ रंगावरून पटत नाही. बांधावरचे एखादे जुने वारूळ पिकाच्या आड येत नसेल, तर ते राहू द्यावे. आपल्या पूर्वजांनी नागाच्या नावाने ते राहू दिले होते. आज आपण बागेच्या नावाने राहू दिले, तरी परिणाम एकच.

वळण गावात एक मनुष्य वारुळापाशी थांबला, म्हणून त्या गावाचे नाव सव्वाशे वर्षे जगाच्या ग्रंथांत टिकले. तो मनुष्य परका होता, आणि युद्धाने त्याच्या सहकाऱ्यांना येथून नेले. शेलूबाजारच्या माणसांना येथून कोणी नेणार नाही. बांध त्यांचे आहेत, टेकोडे त्यांचे आहेत आणि त्या टेकोड्यांच्या तळघरातला भुंगेराही त्यांचाच शेजारी आहे. येत्या मृगात पहिली छत्री दिसेल तेव्हा तिच्या लांब देठाखाली काय आहे, याचे क्षणभर स्मरण झाले, तरी आजचे व्याख्यान कारणी लागले असे आम्ही समजू.